मोटरहोमचं रबरी छत: डबा उघडण्याआधी

कोटिंग घेण्याआधी छत ईपीडीएमचं (कृत्रिम रबर) आहे की टीपीओचं (रबरासारखं लवचीक प्लास्टिक), हे नक्की करा. प्रायमर, म्हणजे कोटिंग धरावं म्हणून आधी लावायचा थर, त्यावर ठरतो. छतावरच्या व्हेंटभोवती (हवेच्या झडपेभोवती) तळव्याने दाबून पाहा. खालचं प्लायवूड मऊ लागलं तर आधी ते बदला, नाहीतर ओल आतच कोंडून लाकूड कुजत राहील.

खरी मेहनत धुण्यात आहे. ईपीडीएमवर पांढरी भुकटी सुटते आणि कोटिंग रबराला न चिकटता त्या भुकटीला चिकटतं. पुढे पापुद्रे निघतात. बोट फिरवून कोरडं, स्वच्छ येईपर्यंत घासा. पेट्रोलियमयुक्त क्लीनर मात्र नको, रबर फुगतं.

जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्यावर काहीच धरत नाही. फाटलेल्या जागी ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) रोलरने दाबून बसवा. आडव्या सांध्यांना सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं) सीलंट, उभ्या कडांना न ओघळणारं.

30 बाय 8 फुटांचं छत म्हणजे 240 चौरस फूट. डब्यावर एका थराला गॅलनमागे 100 चौरस फूट लिहिलं असेल, तर दोन थरांना पाच गॅलन धरा. सकाळचं दव वाळल्यावर सुरुवात करा, संध्याकाळचं दव पडण्याआधी थर सुकायला हवा. कोटिंग लावत लावत शिडीकडे सरकत या.