अँड्रोमेडा आणि देवयानी

प्रश्न : अँड्रोमेडा तारकासमूहाला आपण देवयानी म्हणतो. मग दोन्ही कथा एकच का? आणि त्यातली दीर्घिका (गॅलेक्सी) मुंबईतून दिसते का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तारे तेच, कथा निराळ्या. मराठी तारानकाशांत ग्रीक मंडळींच्या जागी ययाती-आख्यानातली पात्रं बसवली आहेत, एवढंच. नाती जुळवायला जाल तर फसाल. शर्मिष्ठा आणि वृषपर्वा यांच्या जागी ग्रीकांकडे अँड्रोमेडाचे आईबाप, कॅसिओपिया आणि सेफियस, आहेत. महाभारतात वृषपर्वा हा शर्मिष्ठेचा बाप आणि देवयानी शुक्राचार्यांची लेक. जुळतं एकच : पर्सियस अँड्रोमेडाचा नवरा, ययाती देवयानीचा.

आईनं रूपाची बढाई मारली म्हणून लेकीला समुद्रराक्षसापुढे खडकाला जखडलं, ही ग्रीक कथा. युरिपिडीसनं इ.स.पू. ४१२ मध्ये तिचं नाटक केलं. पुढच्याच वर्षी ॲरिस्टोफेनिसनं त्याची टर उडवली. आज नाटकाचे तुकडेच उरलेत, टर मात्र अख्खी आहे! आपली देवयानी खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’त (१९१३) भेटते, पण कचाबरोबर.

आता दीर्घिका. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, अमावास्येच्या आसपास, रात्री नऊला उत्तरेकडे तोंड करून डोक्याच्या थोडं खाली पाहा. भाद्रपदांच्या चौकोनाचा ईशान्येकडचा तारा उत्तराभाद्रपदेचा; तिथून सुरुवात करा. पुढचा मंद तारा सोडून त्यानंतरचा ठळक, तांबूस मिराक गाठा. बहुतेक जण त्या मंद ताऱ्यावरच थांबतात आणि चुकीच्या जागी शोधत बसतात. मिराकपासून शर्मिष्ठेच्या दिशेनं वळा. दोन फिके तारे लागतील. दुसऱ्याच्या शेजारी, जेमतेम सव्वा अंशावर, धुरकट ठिपका म्हणजे दीर्घिका. हे दोन तारे शहरातून नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, म्हणून मिराकपासूनच १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण लावा. मोठी दुर्बीण जास्त वर्धनाला लावली, तर सुमारे तीन अंश लांबीची दीर्घिका दृष्टिक्षेत्रात मावतच नाही.

मुलुंडच्या गच्चीवरून फक्त मधला गाभा दिसेल. पसरट लांबोडा आकार हवा असेल, तर वांगणी-नेरळकडे जा आणि डोळ्यांना वीस मिनिटं अंधार द्या. त्या वेळात मोबाइल खिशात.

अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. ही आपल्या आकाशगंगेबाहेरची आहे, हे खगोलशास्त्रज्ञ हबलनं १९२३ मध्ये तिच्यात सापडलेल्या सेफिड (ठरावीक काळानं तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यावरून दाखवलं. आणि सेफिड हे नाव सेफियसमधल्या ताऱ्यावरून पडलेलं, म्हणजे लेकीचा पत्ता शेवटी बापाकडूनच मिळाला.