एका एम्युलेटरमधली गेमची सेव्ह फाइल दुसऱ्या एम्युलेटरमध्ये कशी न्यायची?

एम्युलेटर म्हणजे जुन्या गेम यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. तुमची अडचण अशी दिसते: डेस्म्युम या एम्युलेटरमध्ये खेळलेल्या निन्टेन्डो डीएस गेमची ‘.डीएसव्ही’ फाइल नाव बदलून ‘.एसएव्ही’ केली, तरी नव्या एम्युलेटरमध्ये गेम पहिल्यापासूनच सुरू होतो. पुढे प्लेस्टेशन आणि एन६४ (निन्टेन्डो ६४) यांची सेव्हही न्यायची आहे.

आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मग नावाकडे न बघता फाइल नेमकी किती बाइटची आहे ते बघा. कार्ट्रिजमधल्या मेमरी चिपचे आकार ठरलेले असतात: ५१२, ८,१९२, ३२,७६८, ६५,५३६, १,३१,०७२ असे. फाइल यापेक्षा थोडी मोठी निघाली, तर वरचे बाइट बहुधा एम्युलेटरने जोडलेले असतात.

डेस्म्युम शेवटी १२२ बाइट जोडतं. म्हणून ५,२४,२८८ बाइटची सेव्ह ५,२४,४१० दिसते. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट दाखवणारा प्रोग्राम) फाइलच्या शेवटी गेलात तर कुठून कापायचं हे तिथेच इंग्रजीत लिहिलेलं सापडेल. पण कापाकापीची गरज नाही. डेस्म्युमच्या फाइल मेनूत बॅकअप मेमरी एक्स्पोर्ट करायची सोय आहे, तिथून कच्ची, म्हणजे काहीही न जोडलेली, सेव्ह मिळते.

जास्तीचं दिसलं की कापायचं, असं मात्र करू नका. गेम बॉयच्या पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरची सेव्ह ३२,७६८ ऐवजी ३२,८१६ बाइटची असेल, तर ते ४८ बाइट गेममधल्या घड्याळाचे आहेत. नवा एम्युलेटर ते वाचत असेल तर राहू द्या.

प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड १,३१,०७२ बाइटचं असतं: ८ केबीचे १६ ब्लॉक, त्यातला पहिला यादीसाठी. ‘.एमसीआर’ आणि ‘.एमसीडी’ या सहसा एकच कच्ची प्रत असतात, तिथे नाव बदललं की झालं. डेक्सड्राइव्हच्या (मेमरी कार्ड संगणकावर उतरवणारं उपकरण) ‘.जीएमई’ फाइलला पुढे ३,९०४ बाइटचं हेडर, म्हणजे सुरुवातीला जोडलेली माहिती, असतं, पीएसपीच्या ‘.व्हीएमपी’ला १२८ बाइटचं. ते काढणं सोपं आहे. उलट दिशेने, म्हणजे पीएसपीसाठी फाइल बनवताना, डिजिटल सहीही लागते, म्हणून हे सगळं मेमकार्डरेक्स या मेमरी कार्डच्या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रामवर सोपवा. आणि एक बघा, दोन्हीकडे गेमची आवृत्ती एकाच प्रदेशाची हवी. सेव्हच्या नावातच गेमचा कोड असतो, त्यामुळे अमेरिकन डिस्क युरोपियन सेव्हला सहसा ओळखत नाही.

सगळ्यात किचकट एन६४. इथे प्रत्येक गेमची साठवण, म्हणजे मेमरी चिपचा प्रकार, वेगळी: सुपर मारिओ ६४ला ५१२ बाइटचा ईप्रॉम, ओकारिना ऑफ टाइमला ३२ केबीचा एसरॅम, माजोराज मास्कला १२८ केबीची फ्लॅश. रेट्रोआर्कमधला (अनेक एम्युलेटर एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) म्युपेन६४प्लस-नेक्स्ट हा कोअर, म्हणजे त्यातला एन६४चा एम्युलेटर, हे सगळं एकाच २,९६,९६० बाइटच्या ‘.एसआरएम’मध्ये एकामागोमाग ठेवतो: आधी ईप्रॉमचे २,०४८ बाइट, मग चार कंट्रोलर पॅकचे (कंट्रोलरला लावायची मेमरी कार्डं) १,३१,०७२, मग एसरॅमचे ३२,७६८ आणि शेवटी फ्लॅशचे १,३१,०७२. तुमच्या गेमचा तुकडा यातून वेगळा काढावा लागतो. एवढं करूनही एसरॅम किंवा फ्लॅशची सेव्ह उघडली नाही, तर बाइटचा क्रम तपासा, कारण काही एम्युलेटर चार-चार बाइटचे गट उलटे लिहितात. ओकारिनाच्या सेव्हमध्ये ‘झेल्डा’ची इंग्रजी अक्षरं सरळ वाचता यायला हवीत. ती उलटसुलट दिसली तर प्रत्येक चौकडी फिरवायची.

सेव्ह स्टेटचं मात्र असं रूपांतर करता येत नाही. तो त्या एम्युलेटरच्या त्या क्षणाच्या अंतर्गत स्थितीचा साठा असतो. तुमची प्रगती फक्त स्टेटमध्ये असेल, तर तो जुन्याच एम्युलेटरमध्ये उघडा, गेमच्या स्वतःच्या मेनूतून सेव्ह करा आणि एम्युलेटर पूर्ण बंद करा, कारण काही एम्युलेटर बंद होतानाच फाइल लिहितात. मग ती सेव्ह न्या.

नव्या एम्युलेटरमध्ये तोच गेम थोडा खेळून एक कोरी सेव्ह करून घ्या. तिचं नाव, जागा आणि आकार समोर असला की तुमची फाइल नेमकी कशी हवी ते कळतं. मग एम्युलेटर बंद ठेवून तिच्या जागी तुमची ठेवा. तरी अडलं तर दोन्ही फाइलचे बाइट आणि दोन्ही एम्युलेटरची नावं कमेंटमध्ये लिहा, मी बघतो.