परदेशात व्यावसायिक बास्केटबॉल खेळणाऱ्या खेळाडूचे आयुष्य नेमके कसे असते?

आपला मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याची उंची ६ फूट ३ इंच आहे, उदगीरच्या शाळेकडून तो विभागीय स्पर्धेपर्यंत खेळला आहे आणि त्याला परदेशात व्यावसायिक खेळाडू व्हायचे आहे, असे आपण लिहिले आहे. तिथले आयुष्य कसे असते आणि आतापासून काय करावे, हा आपला प्रश्न आहे. मी लातूरमध्ये बावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिक्षक म्हणून काम केले आणि त्यातला बराच काळ बास्केटबॉलच्या मैदानावर गेला. माझा पुतण्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेला, तेव्हा तिथल्या एका लहान क्लबकडून तीन हंगाम खेळला; त्यामुळे काही गोष्टी मला घरातूनच समजल्या.

आधी उंचीविषयी लिहितो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. मराठवाड्यात ६ फूट ३ इंचाचा मुलगा दिसला की आपण त्याला रिंगखाली उभा करतो. इतरांनी त्याला वरून चेंडू द्यायचा, त्याने वळून तो बास्केटमध्ये टाकायचा आणि बचावाच्या वेळी रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परतलेला चेंडू, घ्यायचा, एवढेच त्याचे काम असते. जिल्ह्याची स्पर्धा एवढ्या बळावर जिंकता येते. मीही अशा स्पर्धा जिंकल्या, आणि त्यात त्या मुलांचे नुकसान झाले हे मला फार उशिरा उमगले. परदेशातल्या व्यावसायिक संघात या उंचीचा खेळाडू गार्ड, म्हणजे रिंगपासून दूर राहून खेळ रचणारा, असतो. दोन्ही हातांनी ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, दबावाखाली चेंडू पुढे नेणे, योग्य क्षणी पास देणे, ६.७५ मीटरवरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेरून सातत्याने बास्केट करणे आणि आपल्याहून चपळ माणसाला अडवणे ही त्याची कामे असतात. सतरा-अठरा वर्षांपर्यंत रिंगखालीच वाढलेल्या मुलाला यातले काहीच आलेले नसते. मुलाची उंची अजून वाढेल, पण ती ६ फूट ६ इंच झाली तरी ही गोष्ट बदलत नाही.

सतनामसिंग भामराचे उदाहरण याच संदर्भात पाहावे. पंजाबच्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या खेड्यातला ७ फूट २ इंच उंचीचा हा मुलगा लुधियानाच्या अकादमीत घडला, चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या संघाने त्याला एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ५२व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिला खेळाडू. मात्र ड्राफ्टच्या ६० जागांपैकी पहिल्या फेरीतल्यांनाच हमीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्याला संघात स्थान मिळवावे लागते. सतनाम टेक्सास लेजेंड्स या दुय्यम लीगच्या संघाकडून खेळला, पण एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही. तो ज्या काळात तिथे पोहोचला, त्याच काळात खेळ रिंगखालून निघून तीन गुणांच्या रेषेकडे सरकत होता आणि सेंटरनेही, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूनेही, बाहेर येऊन बचाव करावा, अशी अपेक्षा होऊ लागली होती.

आता आयुष्याविषयी. आयपीएलमध्ये अंतिम अकरांत जसे चारच परदेशी खेळाडू घेता येतात, तशी मर्यादा बास्केटबॉलच्या बहुतेक देशांतल्या लीगमध्ये असते. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये बारा जणांच्या संघात किमान सहा जर्मन खेळाडू लागतात. उरलेल्या जागांसाठी अमेरिकेतून दरवर्षी कॉलेज संपवून बाहेर पडणारे शेकडो खेळाडू स्पर्धेत असतात. म्हणून परदेशी खेळाडू स्थानिकाच्या बरोबरीचा असून भागत नाही. तो उघडपणे वरचढ असावा लागतो, आणि तेही पहिल्या महिन्यापासून. करार बहुधा एका हंगामाचा असतो. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो, हंगाम मे-जूनपर्यंत चालतो, म्हणजे दिवाळी दरवर्षी हंगामातच येते. दिवसातून दोनदा सराव, मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांचे चित्रण पाहणे आणि आठवड्याच्या शेवटी बसने किंवा विमानाने दुसऱ्या गावी सामना, असा क्रम असतो. सलग काही सामने खराब गेले, तर जानेवारीतच त्याच्या जागी दुसरा खेळाडू येऊ शकतो, आणि मग एजंट नवा देश शोधून देईपर्यंत घरी बसावे लागते. दहा वर्षांत सहा-सात देश बदललेले खेळाडू या खेळात विरळ नाहीत.

पैशांचे म्हणाल, तर चांगल्या लीगमध्ये पगाराबरोबर राहण्याचे घर, अनेकदा गाडी आणि जाण्या-येण्याचे विमानभाडे क्लब देतो. लहान क्लबची स्थिती वेगळी असते. माझ्या पुतण्याला प्रवासखर्च आणि बूट मिळत, त्यापलीकडे काही नाही. पगार थकवणारे क्लबही असतात. त्यासाठी बास्केटबॉलची लवाद संस्था २००७ पासून आहे, आणि तिचा निर्णय न पाळणाऱ्या क्लबला नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी येऊ शकते. परंतु तिच्याकडे जाता यावे म्हणून करारात तसे कलम आधीच असावे लागते. दुखापत झाल्यास पगार सुरू राहील की नाही, हेही करारावरच ठरते. तेव्हा सही करण्यापूर्वी करार वकिलाकडून वाचून घ्यावाच.

आपल्याकडून गेलेले थोडेच आहेत. शेतकरी कुटुंबातला अमृतपालसिंग जपाननंतर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला. त्याच्या बरीच वर्षे आधी केरळची गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियाच्याच रिंगवूड क्लबकडून खेळली होती. दोघांनीही आधी भारताच्या संघात पाय रोवले आणि मग बाहेरचे दार उघडले, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

आपल्या मुलासाठी मला सर्वात शक्य दिसतो तो मार्ग शिक्षणाचा. अमेरिकन कॉलेजची क्रीडा शिष्यवृत्ती हवी असेल, तर वरच्या श्रेणीत खेळण्यासाठी नववीपासून बारावीपर्यंतच्या सोळा मुख्य विषयांचे गुण पाहिले जातात. लातूर पॅटर्नच्या शिकवणीसाठी नववीत मुलाचे मैदान बंद करणारे पालक मी खूप पाहिले आहेत, आणि खेळासाठी पुस्तक बंद करणारेही काही पाहिले. या मार्गावर दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. इंग्रजी बोलण्याचा सराव आजपासून करावा, कारण प्रशिक्षकाची सूचना अर्ध्या सेकंदात समजली नाही तर खेळाडू बाकावर बसतो.

मैदानाची बाजूही पाहावी. आपल्याकडची बहुतेक मैदाने सिमेंटची आहेत आणि वाढत्या वयातले गुडघे त्यावर फार मार खातात. उड्यांचा सराव मातीवर किंवा गवतावर घ्यावा आणि चांगल्या बुटांवर खर्च करावा. रोज पाऊण तास फक्त डाव्या हाताने ड्रिबल, त्यानंतर दोनशे शॉट मोजून, किती गेले ते वहीत लिहून. मे महिन्यात आपण लातूरला येणार असाल तर मुलाला घेऊन सकाळी साडेपाचला क्रीडा संकुलाच्या मैदानावर या. ऊन चढण्याआधी मी तिथे असतो, आणि येताना ती वही सोबत असू द्या.