जुन्या फ्रिजात मासोळी सुकवता येईल का?

प्रश्न : भाऊ, आम्ही दहा बाया मामा तलावाची (माजी मालगुजारी तलावाची) मासोळी सुकवून विकतो. उन्हाळ्यात अंगणातल्या खाटेवर दोन-तीन दिवसांत वाळते. पावसाळ्यात चुलीवर जाळी टाकून भाजून ठेवतो, पण सरपण ओलं, धुरानं डोळे जातात. गावात एक बंद पडलेला फ्रिज आहे. त्यात शेगडीची कॉइल बसवली तर एका वेळी दहा किलो निघेल का?
– एक वाचक भगिनी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : ताई, तो फ्रिज घेऊ नका. आतलं अस्तर प्लास्टिकचं, त्यामागे फोम. कॉइलच्या आचेनं अस्तर वितळेल, फोम पेटला तर धूर विषारी. शिवाय फ्रिज हवा कोंडायला बनवलेला असतो. तुम्हाला तर ओली हवा बाहेर काढायची आहे.

ही गोष्ट मला नुकसान करूनच कळली. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेजारच्या मावशींसाठी मासोळी वाळवायचं पहिलं विजेचं कपाट बनवलं तेव्हा मी फक्त आच पाहिली, सुरुवातीपासून 80 अंश. दोन तासांत रोहूचे तुकडे वरून खडखडीत झाले, आम्ही खूश. चौथ्या दिवशी मावशींनी एक तुकडा माझ्यासमोर मोडला. मधोमध ओला, पांढरट, आणि वास सुटलेला. वरची साल आधीच कडक झाली, आतल्या पाण्याला वाटच राहिली नाही. आठ किलो मासोळी फेकली. मावशींनी एका शब्दानं विचारलं नाही, ते मला अजून लागतं.

म्हणून वाळवणं आणि भाजणं ही दोन कामं वेगळी धरा. मासा पाठीतून चिरा, चार किलोला एक किलो मीठ चोळून रात्रभर ठेवा. बरंच पाणी मीठच फुकटात काढतं. मग कपाटात पंखा चालू ठेवून 45 ते 50 अंशांवर वाळवा. भाजका माल हवा असेल तर शेवटी तासभर 80 ते 90 अंश द्या, म्हणजे आतला गाभा 70 च्या वर जातो. चुलीच्या धुराचा स्वाद मात्र वीज देणार नाही. तो हवाच असेल तर शेवटी थोडा वेळ चुलीवर धरा.

आता विजेचा हिशेब. दहा किलो ताज्या मासोळीत साडेसात लिटरच्या आसपास पाणी असतं, त्यातलं सात लिटर काढायचं. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आत-बाहेर लागतं, म्हणजे पाच युनिट. बाहेर जाणारी गरम हवा धरून दहा मोजा. 2 किलोवॅटचा फिन हीटर (नळीवर पत्र्याच्या पाकळ्या असलेला) पुरेल, तो 230 व्होल्टला नऊच्या आत अँपियर ओढतो. पण उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की आपल्याकडे व्होल्टेज 180 वर येतं, आणि तोच हीटर जेमतेम 1200 वॅटचं काम करतो. तेव्हा घड्याळावर माल काढू नका, काट्यावर तोलून काढा.

कपाट दुहेरी पत्र्याचं करा, मध्ये दोन इंच रॉकवूल (आच अडवणारी, न पेटणारी दगडी लोकर) भरा. जाळ्या 304 नंबरच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) जाळी मिठानं एका हंगामात खाल्लेली मी पाहिली आहे. हीटर तळाशी नको, बाजूला कप्पा करून बसवा. तेल टपकून कॉइलवर पडलं की कडवट धूर होतो.

एक गोष्ट मिस्त्रीला उभं राहून करून घ्या : पंखा थांबला की हीटरची वीज आपोआप तुटली पाहिजे. आणि मिठाच्या ओल्या हातांनी तुम्ही दहाजणी दिवसभर ते दार उघडणार आहात, म्हणून 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आणि कपाटासाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा हवाच. आधी खड्डा खोदा, कपाट नंतर आणा.