घरच्या मैदानावर ०-१ हरलोय, परतीच्या लेगमध्ये चान्स किती? अवे गोल कामी येईल का?

तुम्ही विचारलंय की टीम दोन मॅचच्या जोडीतली पहिली लेग घरी ०-१ हरली, आता समोरच्यांच्या मैदानावर २-१ जिंकली तर अवे गोलच्या जोरावर (एकूण बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल करणारी टीम पुढं, या नियमानं) पुढं जाईल ना. नाही जाणार. दोन्ही मिळून २-२ धरतील, एक्स्ट्रा टाइम होईल, तिथंही नाही मिटलं तर पेनल्टी. खरं तर एवढंच लिहून थांबता आलं असतं. पण नेमका हाच स्कोअर आमच्या घरात घडून गेलाय आणि त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

मार्च २०२३ ची गोष्ट. मुंबई सिटी त्या सीझनला आयएसएलची (इंडियन सुपर लीग) लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं आल्याचं बक्षीस, घेऊन बसली होती आणि सेमीफायनलला समोर बेंगळुरू एफसी आली. (विदर्भातला माणूस मुंबईचा फॅन कसा, हे विचारू नका. कामठीत आमच्या आज्याच्या काळापासून फुटबॉल खेळतात, पण आयएसएलमध्ये नागपूरची टीम नाही त्याला मी काय करू?) पहिली लेग अंधेरीला, ७ मार्चला, म्हणजे ऐन धुळवडीच्या दिवशी. आर्वीकडच्या आमच्या गावात धुळवडीला दुपारी मटण होतं आणि संध्याकाळी सगळं गाव आडवं होतं. टीव्हीसमोर आम्ही तीन-चार पोट्टेच उरलो होतो, कानामागचा रंगही निघाला नव्हता. बेंगळुरूचा छेत्री बेंचवरून आला, कॉर्नरवर डोकं लावलं आणि ०-१ करून गेला. मला फार वाईट वाटलं नाही. एक गोल, तोही कॉर्नरवरचा. मुंबई त्या दिवशी काही पिटली गेली नव्हती.

परतीची लेग रविवारी १२ तारखेला, बंगळुरूच्या कांतीरवावर. ताई होळीला माहेरी आलेली होती आणि तिला न्यायला भाऊजी पुण्याहून त्याच दिवशी आले. भाऊजी पुण्यात टर्फवर तासाच्या भाड्यानं फुटबॉल खेळतात आणि सासुरवाडीला लिव्हरपूलची जर्सी घालून येतात. त्यांना खुर्ची, बाकी आम्ही सतरंजीवर. मायनं पाटोडीचा रस्सा केला होता. बाबांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण जावई बसले म्हणून तेही बसले. आणि जवाईबापू समजावून सांगतील म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून टाकला. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातूनच झालं.

सुरुवातीलाच मुंबईला पेनल्टी मिळाली, ग्रेग स्टुअर्टनं मारली, बेंगळुरूच्या गोलीनं, गुरप्रीतनं, अडवली. मग हावी हर्नांडेझनं बेंगळुरूचा गोल केला, म्हणजे एकूण ०-२. बिपिन सिंगनं अर्ध्या तासाला एक फेडला. हाफटाइमनंतर सहासष्टाव्या मिनिटाला मेहताब सिंगनं दुसरा मारला आणि त्या मैदानावर मुंबई २-१.

भाऊजी खुर्चीवरून उठले. "संपलं! बाहेरच्या मैदानावर आपले दोन, त्यांचा एकच. आता नुसता टाइमपास करायचा." बाबांनी मायला लगेच चहा टाकायला सांगितला.

मी म्हटलं, "भाऊजी, आयएसएलमध्ये अवे गोल धरत नाहीत. आत्ता बरोबरी आहे."

ते हसले. "अरे, जगभराचा नियम आहे हा. तुमच्याकडे अजून पोचला नाही वाटतं."

'तुमच्याकडे' म्हणजे कुठे ते सगळ्यांना समजलं. मी तोंड उघडणार तर बाबा म्हणाले, "जवाईबापू पुन्यात राह्यतेत, थे खेयतेत बी. तुले काय मालूम बे? चूप बस." मायनं डोळे मोठे केले. आता ज्याच्या घरी जावई येतो त्याला पुढचं सांगायला नको. मी चूप बसलो.

नव्वद मिनिटं झाली, शिट्टी वाजली. पडद्यावर खेळाडू एकमेकांशी हात मिळवत नव्हते. गवतावर बसून पाणी पीत होते, कुणी पोटऱ्या चोळून घेत होतं, कोच मधोमध उभा राहून हातवारे करत होता. जिंकलेली टीम अशी बसत नाही, हे शेंबड्या पोरालाही दिसेल. भाऊजी म्हणाले, "हे कूलिंग डाउन असतं." खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, तर "फॉर्मॅलिटी आहे" म्हणाले. कॉमेंटेटर तिकडे घसा फोडून एक्स्ट्रा टाइम सांगत असतील, पण आवाज बंद!

पेनल्टी शूटआउट सुरू व्हायला आणि थ्री फेजची लाइन यायला एकच गाठ पडली. संत्र्याचा आंब्या बहार, मार्चचा महिना आणि लाइन फक्त रात्री. मोटर सुरू करायला कोण जाणार? जावई तर नाही. मी बॅटरी आणि मोबाइल घेऊन वावरात गेलो, हिरवं बटन दाबलं, पाणी पडतंय का ते पाहिलं आणि मोबाइल स्टार्टरच्या पेटीवर टेकवून उभा राहिलो. नेटवर्कची एक दांडी. खेळाडू पळत यायचा, चित्र गोठायचं, गोल गोल चक्र फिरायचं, आणि चित्र सुटलं की चेंडू जाळीत दिसायचा. एक-एक करत दोन्हीकडून आठ-आठ आत गेल्या. नववी मुंबईकडून मेहताबची. ज्यानं दुसरा गोल करून मॅच इथवर आणली, तोच. चक्र फिरलं. सुटलं तेव्हा गुरप्रीत उठून मुठी आवळत होता. मग बेंगळुरूच्या झिंगननं आपली मारली आणि ९-८. बेंगळुरू फायनलला.

घरी आलो तोवर भाऊजींचा निकाल लावून झाला होता: "नियमानं तर आपणच जिंकलो होतो, उगाच पेनल्टी घ्यायला लावल्या." बाबांना ते पटलेलं. त्याच वर्षी अधिक श्रावण आला, भाऊजी वाणाला आले, आणि धोंड्याचं जेवण जेवता जेवता माझ्यादेखत हेच वाक्य आमच्या मोठ्या काकांना ऐकवलं. काकाही आता तेच सांगत फिरतात.

म्हणून हे लिहून ठेवतो. अवे गोलचा नियम युरोपात १९६५ पासून होता. तेव्हा परदेशी जाऊन गोल करणं खरोखर अवघड होतं, आणि बरोबरी सुटली नाही की तिसऱ्याच मैदानावर आणखी एक मॅच घ्यावी लागायची. युएफानं (युरोपातली फुटबॉल संघटना) तो जून २०२१ मध्ये काढून टाकला, २०२१-२२ पासून नाही म्हणजे नाही. घरच्या मैदानाचा जोर ओसरलाय हे त्यांनी आकड्यांतच दाखवलं: सत्तरच्या दशकाच्या मध्यात घरची टीम १०० पैकी ६१ मॅच जिंकायची, ते ४७ वर आलं. शिवाय पहिल्या लेगला घरची टीम एक गोल खाण्याच्या भीतीनं दार लावून बसायची, म्हणजे नियम केला हल्ला व्हावा म्हणून आणि झालं उलटंच.

भाऊजींचा फुटबॉल २०१९ लाच थांबलाय. ते ज्या मॅचची उदाहरणं देतात त्या बघा. २०१८ ला रोमानं बार्सिलोनाला काढलं ते एकूण ४-४ वर. २०१९ ला मँचेस्टर युनायटेडनं पॅरिसमध्ये पीएसजीला काढलं ते ३-३ वर. त्याच वर्षी टॉटनहॅमनं अ‍ॅमस्टरडॅममध्ये आयाक्सला काढलं तेही ३-३ वर. तिन्ही अवे गोलवर. आज त्या मॅच झाल्या तर तिन्ही एक्स्ट्रा टाइमला जातील. नियमाच्या कुबडीशिवाय निभावलेल्या म्हणजे बार्सिलोनाचं २०१७ चं ६-१ आणि लिव्हरपूलचं २०१९ चं ४-०, आणि या दोन्ही घरच्या मैदानावरच्या. तुम्हाला तर बाहेर जायचंय.

आता तुमच्या चान्सचं. मला विचाराल तर तीनात एक, जास्त नाही. ०-१ हा आकडा एकट्यानं काही सांगत नाही. तो गोल कसा पडला ते पाहा. कॉर्नरवर किंवा एखाद्याच्या चुकीनं पडला असेल आणि बाकी वेळ तुमच्या टीमनं त्यांच्या गोलीला काम दिलं असेल, तर जीव आहे. तुमच्या टीमचा धड एकही शॉट गोलवर नसेल, तर ०-१ वर सुटलात हेच नशीब. कार्डामुळे कोण बाहेर बसणार तेही पाहा. मोहन बागाननं लागोपाठ दोन वर्षं, २०२४ ला ओडिशाविरुद्ध आणि २०२५ ला जमशेदपूरविरुद्ध, पहिली लेग १-२ हरून दुसरी २-० जिंकली, आणि लोक तेच उदाहरण फेकतात. पण ती दुसरी लेग कोलकात्यात होती, सॉल्ट लेकच्या त्या गर्दीपुढं.

तुमचा हिशोब सोपा आहे: एका गोलनं जिंकलात तर जिवंत, दोननं जिंकलात तर पार. एक गोल खाल्ला म्हणून लगेच मान टाकायची नाही, पण २-१ झालं म्हणून मागं जाऊन बसायचंही नाही, कारण पुढची तीस मिनिटं त्यांच्याच लोकांसमोर खेळायची आहेत. आणि पेनल्टी मारणारे शेवटपर्यंत मैदानावर ठेवा. दमले म्हणून काढले की शूटआउटला सेंटर बॅकची पाळी येते. मेहताबला मी दोष देत नाही. मॅच गेली ती सुरुवातीच्या त्या पेनल्टीत, शूटआउटमध्ये नाही. आमच्या घरात हे कुणी ऐकून घेत नाही.

एक राहिलंच. तुमची स्पर्धा कोणती ते तुम्ही लिहिलं नाही. नियम सगळीकडून गेलेला नाही. उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या चॅम्पियन्स कपात तो अजून होता: २०२५ ला मेस्सीची इंटर मायामी लॉस एंजेलिसला जाऊन ०-१ हरली, घरी आल्यावर आधी एक गोल खाल्ला, तो समोरच्यांचा अवे गोल, आणि मग २-१ करूनही भागलं नाही, तिसरा मारावाच लागला. तुमची स्पर्धा तसली असेल तर २-१ वर तुम्ही खरंच पार आणि मी वर लिहिलेलं 'नाही जाणार' पुसून टाका. युरोप किंवा आयएसएल असेल तर नाही. स्पर्धेचा नियम स्वतः उघडून वाचा, पुण्याच्या कुणाला विचारू नका.

हे उत्तर मी ताईला पाठवतोय. भाऊजींना सरळ पाठवायची सोय नाही, अक्षय तृतीयेला ते येणार आहेत.