वाचकांचे प्रश्न : धावपट्टी एक, विमानं चाळीस

या वेळी सातारा-सांगलीकडून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत : व्हॅटसिम, आयव्हीएओ अशा ऑनलाइन नेटवर्कवर घरबसल्या संगणकावर विमान उडवणाऱ्यांच्या (आणि त्यांना सूचना देणाऱ्या हौशी नियंत्रकांच्या) इव्हेंटमधली गर्दी. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही सातारा, कराड, कोल्हापूरकडचे हौशी मिळून एका शनिवारी मुंबईला उतरायचा इव्हेंट आखतोय. चाळीस जण तयार आहेत. तासाला किती विमानं घ्यावीत? – एक वाचक, कराड

उत्तर : आधी धावपट्टीचा आकडा काढा, मग आमंत्रणं पाठवा. बहुतेक आयोजक नेमकं उलटं करतात. ऊसतोडीचा कार्यक्रम कारखान्याच्या गाळपावरून ठरतो. आधी तोड केली आणि मग गाळपाचा विचार केला, की ट्रॅक्टर काट्याबाहेर तुंबतात. इथे तुंबणारी वाहनं हवेत असतात, एवढाच फरक.

मुंबईच्या 09/27 आणि 14/32 या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे हिशेब एकाच धावपट्टीचा धरा. उतरताना विमानाचा जमिनीच्या सापेक्ष वेग 140 नॉट (तासाला 140 नॉटिकल मैल) धरला, तर दोन विमानांमधले 4 नॉटिकल मैल कापायला 103 सेकंद लागतात. म्हणजे तासाला जेमतेम 35 विमानं. दोघांत 5 मैल ठेवले तर 28. प्रत्येक दोन उतरणाऱ्यांच्या मधे एक उडवायचं असेल तर 6 मैल लागतात. मग 23 उतरतील आणि 23 उडतील. समोरून 20 नॉटचा वारा आला की 4 मैलांनाच 120 सेकंद लागतात आणि 35 चे 30 होतात. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात कुणी धावपट्टीवरून बाहेर पडायला दीड मिनिट घेतो, कुणी टॅक्सीवेचा (धावपट्टीपासून गेटपर्यंतच्या रस्त्याचा) नकाशा शोधत तिथेच थांबतो आणि मागच्याला गो-अराउंड करावं लागतं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावं लागतं. तो परत रांगेत आला की आणखी एक जागा खातो. शिवाय ‘हेवी’ म्हणजे मोठ्या, जड वर्गातल्या विमानामागे ए-320 सारखं मध्यम विमान असेल, तर 5 मैल सोडावेच लागतात. म्हणून उतरणं-उडणं दोन्ही चालू असेल तर तासाला 20 उतरणी धरा, आणि त्यातले 16 स्लॉटच (उतरायच्या ठरलेल्या वेळा) बुकिंगला खुले करा. नेटवर्क सगळ्यांचं आहे. बुकिंग न करता येणारे येणारच. तुमचे चाळीस जण अडीच तासांत विभागा.

स्लॉट उतरण्याच्या वेळेवरून मागे मोजत द्या. उतरण्याची वेळ 15:20 झुलू (जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी), उड्डाण 1 तास 10 मिनिटं, गेटपासून धावपट्टीपर्यंत टॅक्सीला 15 मिनिटं, तर पुशबॅक (गेटवरून मागे निघणं) 13:55 झुलूला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी 7:25. दोन्ही वेळा छापा. झुलूत साडेपाच तास मिळवायचे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी 18:30 झुलूनंतर आपली तारीख बदलते हे दरवेळी कुणीतरी विसरतोच.

अप्रोचवर बसणाऱ्याला, म्हणजे उतरणाऱ्यांची रांग लावणाऱ्या नियंत्रकाला, एक गोष्ट आवर्जून सांगा. सगळ्यांना ‘160 नॉट, 4 मैलांपर्यंत’ असं बांधून दिलं तरी पुढचा धावपट्टीपासून 4 मैलांवर वेग कमी करतो आणि मागचा अजून 160 नेच येत असतो. तेवढ्यात पाऊण मैल अंतर आटतं. खाली, धावपट्टीजवळ 4 हवे असतील तर वर पावणेपाच-पाच ठेवावे लागतात. नवखा नियंत्रक वर 4 मोजतो, खूश होतो, आणि टॉवरच्या (धावपट्टी सांभाळणाऱ्या नियंत्रकाच्या) गळ्यात सव्वातीन घालतो.

प्रश्न : मी नियंत्रक म्हणून डिलिव्हरी (उड्डाणाची मंजुरी, म्हणजे क्लिअरन्स देणं) आणि ग्राउंड (जमिनीवरची हालचाल) सांभाळतो. इव्हेंट सुरू होताच वीस जण एकदम क्लिअरन्स मागतात. फ्रीक्वेन्सीवर नुसता गोंगाट. काय करावं? – एक वाचक, मिरज

उत्तर : इथे टंचाई धावपट्टीची नसते, बोलायच्या वेळेची असते. आवाजावर एक क्लिअरन्स म्हणजे सांगणं, रीडबॅक (वैमानिकाने ते परत म्हणून दाखवणं) आणि एखादी दुरुस्ती मिळून 35-40 सेकंद. वीस जणांना 12-13 मिनिटं नुसती बोलण्यात जातात, आणि दोघं एकावर एक बोलले की तेही वाया. त्यामुळे जे काम आवाजाशिवाय होतं ते आवाजावर करूच नका. हॉपी एकार्स या मजकूर-संदेश सेवेवरून किंवा खाजगी मजकुरातून क्लिअरन्स पाठवा. फ्लाइट प्लॅन आलेला दिसला की वैमानिकाने बोलायच्या आधीच तपासा. चुका ठरलेल्या असतात : पूर्वेकडे जाताना सम आणि पश्चिमेकडे जाताना विषम फ्लाइट लेव्हल (उड्डाणाची उंची) भरणं (हवं याच्या उलट), किंवा जुन्या एअरॅकमधली (हवाई मार्गांच्या माहितीच्या आवृत्तीतली) एसआयडी, म्हणजे उड्डाणानंतरचा ठरलेला मार्ग. एअरॅक दर 28 दिवसांनी बदलतं. जुनीच फाइल वर्षभर वापरणारे कमी नाहीत.

क्लिअरन्स दिली म्हणजे इंजिन सुरू करायची परवानगी दिली, असं मात्र होऊ देऊ नका. गर्दीत सगळा खेळ तिथेच आहे. ज्याची तयारी पूर्ण झाली त्याची वेळ टिपा, टॉवरच्या वेगावरून प्रत्येकाला स्टार्टअपची वेळ द्या, आणि त्या वेळेच्या 5 मिनिटं मागेपुढे जो सापडणार नाही त्याला रांगेच्या शेवटी टाका. होल्डिंग पॉइंटला (धावपट्टीच्या तोंडाशी थांबायच्या जागी) पाच-सहापेक्षा जास्त विमानं जमू देऊ नका. दोन मिनिटाला एक सुटत असेल तर सहावा 12 मिनिटं थांबतो, तेवढं पुरे. बाकीचे गेटवरच बरे. गेटवर थांबलेलं विमान कुणाची वाट अडवत नाही आणि त्याचं इंधनही जळत नाही.

रांग लावताना एकाच एसआयडीची तीन विमानं ओळीने उभी करू नका. उत्तर, दक्षिण, उत्तर अशी आलटूनपालटून लावलीत तर टॉवरला लवकर सोडता येतं. एकाच दिशेची सलग सोडली तर पुढचा सेंटरचा (विमानतळापलीकडचं आकाश सांभाळणारा) नियंत्रक आधी 2, मग 3, मग 5 मिनिटांचं अंतर मागतो, आणि ते चूकही नसतं. हेवीमागे मध्यम विमान सोडताना 2 मिनिटं थांबा.

प्रश्न : मागच्या इव्हेंटला होल्डमध्ये (हवेतच घिरट्या घालत) ठेवलं आणि इंधन संपत आलं. किती जास्तीचं घ्यावं? – एक वाचक, वाई

उत्तर : ए-320 होल्डमध्ये मिनिटाला साधारण 40 किलो खातं. सिमब्रीफ या उड्डाण आखायच्या साइटवर एक्स्ट्राच्या रकान्यात 30 मिनिटांचे, म्हणजे 1,200 किलो भरा. 14,000 फुटांपर्यंत प्रमाणित होल्डचा सरळ भाग 1 मिनिटाचा असतो, वळणं धरून एक फेरी 4 मिनिटांची. तुमच्याखाली पाच विमानं असतील आणि अडीच मिनिटाला एक सुटत असेल, तर तुमच्या वाट्याला साधारण तीन फेऱ्या. हा हिशेब स्वतः करा, दर फेरीला ‘अजून किती वेळ?’ विचारू नका. होल्डच्या फिक्सवर (घिरट्यांच्या ठरलेल्या बिंदूवर) पोहोचण्याआधीच वेग 220 नॉटच्या आसपास आणा. पर्यायी विमानतळ म्हणून सगळ्यांनी पुणेच लिहिलेलं असतं. तुम्ही अहमदाबाद किंवा गोवा लिहा आणि तिथवरचं इंधन धरा. वळायचा निर्णय शेवटच्या थेंबावर ठेवू नका. इंधनाची आणीबाणी जाहीर करता येते, पण नियंत्रकाने ती थांबवायला सांगितली तर थांबवावी लागते, नाहीतर डिस्कनेक्ट व्हावं लागतं, असा व्हॅटसिमचा नियम आहे.

प्रश्न : मी अगदी नवीन आहे. इव्हेंटमध्ये यावं का? – एक वाचक, फलटण

उत्तर : पहिलं उड्डाण इव्हेंटमध्ये नको. नुसतं ऐकायला जरूर बसा. उतरायची घाई नसेल तर शेवटच्या अर्ध्या तासात या. तेव्हा नियंत्रकालाही शिकवायला सवड असते. बोलायची भीती वाटत असेल तर फ्लाइट प्लॅनच्या रिमार्कमध्ये /T/ लिहा, मजकुरावर चालतं. आणि कनेक्ट गेटवरच व्हा, धावपट्टीवर नव्हे.

प्रश्न : एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये मुंबईजवळ आलो की नियंत्रक म्हणतो, ‘तुमचा वेग फार कमी आहे.’ माझ्याकडे मात्र 160 दिसतो. शिवाय वीज गेली की सगळं बंद. – एक वाचक, तासगाव

उत्तर : दोष नियंत्रकाचा नाही. फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं) 20 च्या खाली गेला की एक्स-प्लेन स्वतःचं घड्याळच मंद करतं. 15 फ्रेम असतील तर तुमचे 160 नॉट रडारवर 120 दिसतात, आणि मागचा तुमच्यावर येऊन आदळायच्या बेतात असतो. तुमच्या पडद्यावर काहीच चुकलेलं दिसत नाही, म्हणून कारण लवकर सापडत नाही. आदल्या दिवशी ऑफलाइन मुंबईत उतरून बघा; मोकळ्या विमानतळावर 35 फ्रेम तरी हव्यात, कारण इतरांची चाळीस विमानं आली की त्या उतरणारच. आधी सावल्या आणि प्रतिबिंबं कमी करा, मग इमारतींची दाटी. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये त्याची स्वतःची विमान वाहतूक पूर्ण बंद ठेवा, नाहीतर गेटवर खोटी विमानं उभी राहतात आणि जागा मोकळी असूनही भरलेली दिसते.

विजेचं म्हणाल, तर बाजारात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉट पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप खेळताना 400 च्या वर जातो आणि यूपीएस ऐनवेळी कट होतो. 1,000 व्हीए किंवा मोठा घ्या, राउटरला 12 व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस लावा, आणि वायफायऐवजी केबल वापरा. वीज आलीच नाही, तर अर्ध्या तासाने अप्रोचच्या मधोमध पुन्हा उगवू नका. दूर, गर्दीबाहेर कनेक्ट व्हा आणि रांगेच्या शेवटी जागा मागा.