आज मोडलंच आहे, तर...

"मॅडम, कळतं सगळं, पण वळत नाही." वजनासाठी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच. आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता त्यांना तोंडपाठ असतो. तिथे आणखी माहिती देऊन काही होत नाही, विचारांनाच हात घालावा लागतो.

सुनीताताई (नाव बदललं आहे) बँकेत नोकरीला, वजन ८४ किलो. थायरॉइड, साखर, सगळं तपासून झालेलं. चार दिवस तक्ता काटेकोर पाळायच्या आणि एका संध्याकाळी सगळं ढासळायचं. "माझ्यात इच्छाशक्तीच नाही," हा त्यांचा निष्कर्ष मला पटेना. ही बाई दर संकष्टीला चंद्रोदय झाल्याशिवाय जेवत नाही!

"परवा काय झालं, क्रमाने सांगा."

"ऑफिसात वाढदिवस होता. केकचा तुकडा खाल्ला. येताना वडापाव. रात्री मुलांबरोबर पिझ्झा."

"केक झाल्यावर आणि वडापाव घेण्याआधी मनात काय आलं?"

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "आज मोडलंच आहे, आता सोमवारपासून बघू."

"आणि संकष्टीला चुकून पोळीचा घास गेला तर?"

"मग उपास मोडला. जेवूनच घेते." आणि एकदम म्हणाल्या, "अहो, म्हणजे मी रोज उपासच धरतेय की!"

गाठ सुटली ती इथे. व्रत एका घासाने मोडतं, आहार मोडत नाही. वजन केकच्या एका तुकड्याने वाढत नाही, 'मोडलंच आहे' म्हटल्यावर जे पोटात जातं त्याने वाढतं. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांच्या प्रयोगात हेच दिसलं: खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या विद्यार्थिनींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं.

विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांना मी मानणारी. 'पाळलंच पाहिजे' हा हट्ट सुटला की पाळणं सोपं होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. सुनीताताईंनी एका कार्डावर लिहिलं: 'जास्तीचं खाल्लं गेलं, तरी पुढचं जेवण ठरलेलंच.' ते रोज सकाळी चहाबरोबर वाचायचं. मोह समोर आल्यावर नवा विचार सुचत नाही, तो आधी घोटून ठेवावा लागतो. तुम्हीही करून बघा, फक्त वाक्य तुमच्या शब्दांत हवं.

वर्षभरात त्या ७८ वर आल्या. आकडा लहान वाटेल, पण वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाबाला फायदा होतो.

मात्र चोरून, थांबताच येणार नाही इतकं खाणं वारंवार होत असेल, किंवा खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर कार्डावर विसंबू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.